आत्याला जीपमध्ये बसवायला गेलो

आमच्या घराण्यात कुणी अडून बसलं की मला पाठवतात. रुसलेला जावई, बांधावरून भांडणारे चुलते, लग्नातून न जेवता निघालेला व्याही, अशा सगळ्यांकडे मी जाऊन आलो आहे. यश म्हणाल तर जावई अजून रुसलेलाच आहे. पण मी बोलत असलो की बाकीच्यांना निवांत चहा पिता येतो, म्हणून माझी नेमणूक कायम आहे.

तेव्हा हिंगोलीजवळच्या गोरेगावहून आतेभावाचा फोन आला, याचं मला नवल वाटलं नाही. "दादा, माय डायलिसिसला न्हाई म्हणून राहिली. मंगळवारी गेलीच न्हाई. उद्या शनिवार. तुमी या. भाच्याचं ऐकंल ती."

आत्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार-शनिवार दारात जीप यायची, हिंगोलीला न्यायची, आणि अर्धा दिवस यंत्रावर काढून आत्या परत यायची. सरकारी सोय होती, पैसा लागत नव्हता. त्यामुळं 'फुकट असून बी न्हाई म्हणती' याचंच गावाला जास्त कोडं. डॉक्टरांनी आतेभावाला साफ सांगितलं होतं की हे थांबलं तर हातात थोडेच दिवस राहतील.

फोन ठेवून मी आखाडा बाळापूरच्या बाजारात गेलो आणि एक लुगडं घेतलं. बाईमाणसाचा रुसवा काढायची आमच्या घरातल्या पुरुषांना ही एवढीच रीत ठाऊक. आजोबांनी तेच केलं, वडिलांनी तेच. मी बायकोवर हा प्रयोग केला की ती रंग बघून आणखी रागावते, तरी माझा विश्वास ढळलेला नाही. तिला विचारलं असतं तर तिनं पिशवी हिसकावून घेतली असती. पण मोठ्या कामगिरीवर निघालेला माणूस बायकोला कुठं विचारतो?

सकाळी पोचलो तेव्हा जीप दारात उभी होती. ड्रायव्हर काच पुसत होता, आतेभाऊ अंगणात येरझारा घालत होता. आत्या ओसरीत बाजेवर. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, हातावर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी झालेली शीर. डोळे मात्र पहिल्यासारखे.

"तुला धाडलं का?" ती म्हणाली. "मंग माझं काई खरं न्हाई."

मी हसून पिशवी तिच्या सुनेच्या हातात दिली. "आत्यासाठी आणलंय."

सुनेनं पिशवीत डोकावलं आणि ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली. बघायला म्हणून शेजारची म्हातारी येऊन बसली होती. तिनं मान वाकवून पाहिलं. "माहेरचं लुगडं आलं गं माय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा. ते नेसल्याशिवाय तिला घरातून हलवत नाहीत. आत्याचं माहेर म्हणजे आता मीच. आणि मी ते जित्या आत्यापुढं आणून ठेवलं होतं, तेही तिला दवाखान्यात धाडायच्या दिवशी.

"दादा," आतेभावाचा आवाज चिरकला, "तुमाला समजवायला बोलावलं का मयताच्या तयारीला?"

"अरे, मी सहज..."

"सहज? असल्या टायमाला लुगडं सहज आणतेत का कोनी?"

आत्याला हसू आलं. हसण्यानं दम लागला, खोकला आला, सून पाठ चोळायला धावली. बाकी कुणी हसलं नाही. खोकला थांबल्यावर आत्यानं हात पुढं केला. "आण इकडं." काठ दोन बोटांत धरून पाहिला. "तुझ्या बापापरीस बरी निवड हाये. माहेरचा होकार आला म्हणायचा. आता कोनाला इचारायचं?"

"होकार न्हाई त्यो! दादा, सांगा ना तिला!"

मी घसा साफ केला. वाटभर घोकत आणलेलं बोलायला लागलो. नातीचं लग्न बघायचंय, विज्ञान कुठल्या कुठं गेलंय, मनाची उभारी पाहिजे. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक दिवस दवाखाना. दुसरा दिवस त्याच्या थकव्यात पडून. जरा उठून बसंस्तोर पुन्हा दारात जीप. माझा दिवस कोणता त्यो सांग."

मी म्हणालो, "पण आत्या, हे जीव दिल्यासारखंच झालं की."

"जीव द्यायचा असता तर इहीर काय लांब हाये? मी मरण न्हाई मागून राहिले. सुई नको म्हणून राहिले. ह्यात फरक हाये का न्हाई? तू शिकलेला हायेस."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"बोलणं बास," आतेभाऊ म्हणाला. "उद्या गाव म्हणंल, लेकानं मायला नेलं न्हाई. दादा, तुमी खांद्याला धरा, मी पायाला धरतो. एकदा यंत्रावर गेली की आपोआप निवंल." तो बाजेशी वाकला. आत्यानं दोन्ही हातांनी बाजेची लाकडी कड गच्च धरली. ती माझ्याकडं बघत राहिली.

मला काय सुचलं ते अजून सांगता येत नाही. मी बाजेवर तिच्या शेजारी बसलो. बायको ज्या वजनावरून उठताबसता बोलते, ते सगळं घेऊन बसलो.

"उठा दादा."

"उठत न्हाई."

"ती मरंल!"

"व्हय."

तो माझ्या अंगावर येतो की काय असं वाटलं. मान ताठ, मुठी वळलेल्या. मग त्याचा आवाजच खाली आला. "मला सवय हाये हो तिला न्यायची. मंगळवार-शनिवार दुसरं काय करू मी?"

सुनेनं डॉक्टरांना फोन लावला. पेशंटला शुद्ध आहे, समज आहे, बळजबरी करता येणार नाही, पण मन बदललं तर लगेच आणा, असं ते म्हणाले. मग मी आतेभावाला एवढंच म्हणालो की जीप येऊ दे. दर खेपेला तू विचार. ती व्हय म्हणली तर तशीच उचलून न्यायची.

"इचार की," आत्या म्हणाली. "इचारायला कोन न्हाई म्हणतंय?"

आतेभाऊ ड्रायव्हरशी बोलायला बाहेर गेला.

मी तिथंच राहिलो. शांत मरण म्हणतात तसलं काही मी पाहिलं नाही. सूज वाढली, आडवं होता येईना, गादीची वळकटी पाठीला लावून तिला बसतं ठेवावं लागलं. गावातले डॉक्टर येऊन इंजेक्शन द्यायचे, तेवढा वेळ श्वास जरा सुटा व्हायचा. एकदा माझं मनगट धरून ती म्हणाली, "लई तकलीफ हाये रे." मी वाट पाहिली. आता म्हणेल, जीप बोलाव. तिनं तसं म्हणावं असंही वाटत होतं, म्हणू नये असंही. तिनं मनगट सोडलं.

मंगळवारी जीप आली. "माय, जायचं का?" आतेभावानं विचारलं.

"तू जेवला का?" आत्या म्हणाली. मग मान हलवली. नाही.

शनिवारी पुन्हा जीप आली. आत्या गुंगीत होती. "माय, जीप आली." उत्तर नाही. त्यानं खांद्याला हलवलं, कानाशी वाकून पुन्हा विचारलं. डोळे उघडले नाहीत. तो सरळ झाला आणि माझ्याकडं वळला. "दादा, आता तुमी सांगा. माहेर म्हणून सांगा."

ती व्हय म्हणाली नव्हती. पण न्हाईही म्हणाली नव्हती. आत कुठं तरी तिला जावंसं वाटत असलं तर? मागच्या दोन्ही खेपांचं 'नाही' आजही चालतं का? सून बघत होती, शेजारची म्हातारी बघत होती, बाहेर इंजिन चालू होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

आतेभाऊ बाहेर गेला. "स्टँडवर सवाऱ्या असतील, त्या घेऊन जा," असं ड्रायव्हरला सांगताना ऐकू आलं. मग आत येऊन तो आत्याचे पाय दाबत बसला.

रविवारी दुपारी आत्या गेली.

आतेभावाचा अजून फोन येतो. हळदीचा भाव, पोराचं कॉलेज, सगळं बोलून होतं, आणि ठेवता ठेवता तो विचारतो, "दादा, त्या शनिवारी मी इचारलं, ते मायला ऐकू गेलं असंल का हो?" मी काहीतरी लांबलचक सांगायला लागतो. तो जरा वेळ ऐकतो. मग म्हणतो, "असू द्या."