देवापुढच्या दोन चिठ्ठ्या

दिवाळीनंतरचा रविवार, सकाळ. हजर: आई, दादा, धाकटा भाऊ आणि मी. दोन्ही वहिन्या स्वयंपाकघरात, म्हणजे ऐकत होत्या. बाबांना जाऊन महिना झाला होता. विषय एकच: आई आता कोणाकडे राहणार?

बैठक मीच बोलावली होती, मुद्देही लिहून नेले होते. धाकट्याचं हुडकेश्वरचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण. दादाचा मनीषनगरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेलेले. माझ्याकडे जागा होती, पण आईनं ती पहिल्याच वाक्यात खोडली, "लेकीकडं पाणी पिऊन यावं, राहू नये." उरले दोघे भाऊ. दोघंही "माझी काही हरकत नाही" म्हणत होते. "मी नेतो" कोणीच म्हणत नव्हतं.

शेवटी आईच म्हणाली, "चिठ्ठ्या टाका. देव सांगन तिकडं जाईन. मंग कोणी कोणाले बोल लावायचा नाही."

आमच्याकडे अडलं की देवापुढे चिठ्ठ्या टाकतात. सारख्या घड्या घालायच्या, वर हळदकुंकू वाहायचं. एरवी लहान मूल चिठ्ठी उचलतं. त्या दिवशी आईनं स्वतः उचलली. दादाचं नाव निघालं. धाकट्यानं देवाला घातलेला नमस्कार जरा जास्तच लांबला.

आता उन्हाळा संपत आला. आई त्या जिन्यानं वर चढली ती उतरलेली नाही. वहिनी तिचं सगळं वेळेवर करते, तक्रारीला जागा नाही. खालच्या देवळातली आरती वर ऐकू येते, देऊळ दिसत नाही. त्या वेळी आई बाल्कनीची जाळी धरून उभी असते.

"चल, धाकट्याकडे जाऊ," मी म्हटलं.

"काहून वं? देवाले सांगू का, तुह्यं चुकलं म्हणून?"

"चिठ्ठी तू उचललीस, आई."

"हात माहा होता. उचलवली त्यानं."

"मग उतरायची बुद्धीही तोच देईल की."

"मले नाही दिली अजून," ती म्हणाली आणि हसली.

माझी श्रद्धा जेमतेम आहे. पण हिशेब मला समजतो: देवानं ठरवलं म्हटल्यावर आम्ही तिघं भावंडं सुटलो आणि आई अडकली.

दादाशी बोलले. तो म्हणाला, "मी पाठवली तर लोक म्हणतील, देवानं दिलेली आई याले जड झाली." धाकट्याला फोन केला.

"ताई, मी नाही म्हटलं का? पण देवाच्या मनात असतं तर माझीच चिठ्ठी निघाली असती ना?"

"तुझं घर तळमजल्यावर आहे, हे देवाला माहीत नव्हतं का?"

"तेच तर म्हणून राहिलो मी! माहीत असूनही नाही निघाली."

गेल्या आठवड्यात मी आईच्या गुडघ्यांना तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, "खाली मातीत पाय टेकवावा वाटते."

"सांगते धाकट्याला."

"सांगू नको. सांगून आला त काय आला? त्यानं आपल्या मनानं यावं."

आईला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवायला दोन माणसं लागतात. मागची बाजू मी धरीन. पुढची धरायला धाकट्यानं न बोलावता यायचं आहे. तो अजून आलेला नाही.