कातळाखालची गाठ

माझं शिक्षण चौथी. पण दोराचं म्हणाल, तर चाकणच्या कंपनीत तीस वर्षं क्रेनखाली माल बांधला, एक नग खाली पडला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मित्र फौजेतून हवालदार होऊन आला आणि आमच्याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागला. काळेवाडीत आमची घरं एकाच गल्लीत. बाकीचे फौजी रिटायर झाले की प्लॉट बघत हिंडतात. हा डोंगराचे कडे बघत हिंडायचा. रविवारी पहाटे फटफटी माझ्या दारात. "चला राव, वर जाऊ." साठी उलटली तरी आम्ही दोघं दोर लावून कातळ चढायचो. लोक हसायचे. हसू देत.

त्याचा एक नियम होता. कमरेची गाठ ज्यानं त्यानं बांधायची, पण तपासायची जोडीदारानं. तो माझी ओढून बघायचा, मी त्याची. मगच पाय कातळाला.

एका रविवारी त्यानं माझी गाठ ओढली. थांबला. परत ओढली. मग वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन बघितली. माझं डोकं फिरलं.

"हवालदार, तुझ्या अख्ख्या पलटणीनं बांधल्या नसतील एवढ्या गाठी मी बांधल्यात!"

"बांधल्या असतील की." त्यानं गाठ सोडली, दोर गुंडाळला. "आज नको भावा. ऊन फार झालंय."

सकाळचे सात वाजले होते.

तेव्हापासून रविवारची हाक बंद. मीही विचारलं नाही. मी कशाला विचारू? पण रागावला म्हणावं, तर रोज संध्याकाळी टपरीवर माझ्याच ग्लासातला अर्धा चहा प्यायचा. मग माझी गाठ चुकली होती? की त्याचेच डोळे गेले होते? पण डोळे गेलेला माणूस सायकल काढून एकटा लोणावळ्याला जाईल का? तो तर जायचा. दोन वर्षं मी हेच घोळवत बसलो आणि गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना विचारलंच.

"हो, बोलले होते एकदा," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाठीत काही खोट नव्हती म्हणाले." मग थांबल्या. "की होती म्हणाले? भावजी, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या हो."

"नीट आठवा ना, वहिनी."

"तुमच्याबद्दल वाईट नाही बोलले, एवढं नक्की."

मी दोर मागून घेतला आणि त्यांच्यासमोरच कमरेला बांधला.

"मला दाखवून काय उपयोग? मला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवशी हीच बांधली होती का? हात म्हणत होते, हीच. पण त्या दिवशीही हात हेच म्हणाले असणार. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी तसाच, कमरेला दोर, खुर्चीत बसून राहिलो.