जॅकेटच्या पट्ट्याची गाठ

ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. चाळीसगावकडच्या एका धरणावर वेकबोर्डिंग, म्हणजे बोटीमागे दोर धरून फळीवर उभं राहायचा खेळ, नुकताच सुरू झाला होता. सावद्याचे चार तरुण केळी बागायतदार तिथे सहलीला आले आणि त्यातला एक बुडाला. त्या हद्दीचं ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं.

तिघा मित्रांचा जबाब एकच. त्याने लाइफ जॅकेट घातलं होतं, जॅकेटच कुचकामी निघालं. प्रेताच्या अंगात जॅकेट होतंही. बोटवाल्यावर गुन्हा दाखल झाला. कोठडीत त्याचं एकच पालुपद होतं, "साहेब, मी जाकीट दिनं व्हतं. फोटोमा चांगलं दिसत नही म्हने, तेनी घालंच नही. मी गाडी लेवाले पयनू, वापस उनू तं आंगात जाकीट!" पोराला काठावर काढून तो गाडी आणायला पळाला, तेवढ्यात कुणीतरी जॅकेट चढवलं, असं त्याचं म्हणणं. अडकलेला माणूस काहीही बोलतो, म्हणून हवालदार हसले.

दुसऱ्या दिवशी धरणावरच्या चहावाल्या अक्कांचा फोन आला. तो पोरगा उघड्या अंगानेच पाण्यावर गेला होता म्हणाल्या. जबाबाला मात्र यायला तयार नव्हत्या.

मी मुद्देमालातलं जॅकेट काढायला लावलं. दवाखान्यात ते पाठीमागून कापलं होतं, त्यामुळे पुढची बाजू शाबूत होती. क्लिपा सगळ्या उघड्या आणि पट्ट्याला दोन वेढे देऊन गच्च गाठ. दिवसभर गिऱ्हाइकांना जॅकेटं चढवणारा बोटवाला गाठ कशाला मारेल? सावदा ज्यात येतं त्या रावेर तालुक्यात नोकरी केली तेव्हा ही गाठ मी बागेबागेत पाहिली होती. घडाच्या वजनाने केळ आडवी होऊ नये म्हणून टेकू देतात, तो अशीच गाठ मारून बांधतात.

तिघांना वेगवेगळं बसवलं. अशा वेळी आरडाओरडा करणारा अधिकारी मला कधीच पटला नाही. सर्वांत कमी बोलणाऱ्यापुढे जॅकेट ठेवलं आणि गाठ कुणाची ते विचारलं.

"माझी," म्हणत तो रडायलाच लागला. "साहेब, घाईत क्लिप लागेच ना. सहलीचा विमा काढला होता. जॅकेट नसलं तं पैसे भेटत नाही. त्याची पोरगी लहान आहे, तिचं तरी भलं होईल वाटलं."

"आणि बोटवाल्याच्या लेकरांचं?"

मायेपोटी बोललेलं खोटंही निरपराध माणसाला तुरुंगात घालू शकतं, हे मी त्या खोलीत शिकलो. त्या पोरावर धड चिडताही येईना, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

खोट्या जबाबाबद्दल तिघांवर कारवाई झाली. पोराला जॅकेटविना पाण्यावर नेल्याचा ठपका बोटवाल्यावर राहिला, पण खराब जॅकेट दिल्याचा आरोप गळला आणि तो जामिनावर घरी गेला.

विम्याचा दावा टिकणार नाही, हे मयताच्या बायकोला मीच सांगितलं. तिने पैशांचं काही विचारलं नाही. गाठ मारणारा मित्र शेजारीच उभा होता, त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "जाकीट घातलं पाहिजे, हे तुम्हाले ठाऊक होतं ना भाऊ? मंग तो पान्यात उतरला तवा त्याले का नाही सांगितलं?"