अंबुबाईची फणी

तुमच्या लेकीच्या केसांत सकाळी जट दिसली, तर आधी काय शोधाल, फणी की जोगतीण?

निपाणीच्या अंबुबाईला जोगतीण शोधावी लागली नाही, ती आपण होऊन आली. अंबुबाई सासूबरोबर घरातच तंबाखू भरून बिड्या वळते. तिची नऊ वर्षांची शालू वर्गात एका जागी ठरत नाही. फळ्याकडं बघता बघता चित्त भलतीकडं. यंदा, चौऱ्याऐंशी साली, बेळगावात एक डॉक्टरीणबाई अशा पोरांवर संशोधन करतायत. डोक्याला चिकट मलमानं तारा लावायच्या, कानांत टेपवरचा संथ ठोका सोडायचा, आणि त्या ठोक्यानं मेंदूच्या लहरी निवतात का, मग पोराचं लक्ष टिकतं का, ते कागदावर उमटवून बघायचं. अंबुबाई शालूला तिथं घेऊन गेली. "गुण येईलच असं सांगत नाही," बाई सरळ म्हणाल्या. शालूला मात्र पक्कं शिकवलं: ठोका सुरू झाला की डोळे मिटून गप बसायचं.

परत येताना पोरगी एसटीतच झोपली. डोकं धुवायचं राहिलं. सकाळी मानेवर केसांचा घट्ट गोळा! सासू मनुबाईच्या हातातला तांब्याच सुटला.

"जट! यल्लम्मानं मागितली पोरगी."

मागितली म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. देवीला सोडायची. मग लग्न न्हाय, घर न्हाय. आणि जटेला फणी लावली तर घरातलं माणूस जातं म्हणतात.

दुपारी यल्लम्माची जोगतीण कोंडाबाई चौंडकं घेऊन दारात उभी. चौंडक्याच्या तारेचा पहिला ठोका पडला आणि शालूनं डोळे मिटले. दगडागत गप्प.

"आली गं, अंगात आली!" अख्खी गल्ली हात जोडून उभी.

मी त्यांची शेजारीण, बिडी कामगारांच्या मोर्चात जाणारी. मी ओरडले, "अगं, डॉक्टरनं शिकवलंय तिला ते!"

"तू गप गं, मोर्चावाली," मनुबाई म्हणाली. "तुझं काय जातंय? माणूस मरंल ते आमच्या घरातलं."

माझं एकटी अंबुबाई ऐकत होती. तिनं चुलीवरचं कोमट पाणी उचललं. पहिला तांब्या पोरीच्या पाठीवरच सांडला. गोळा भिजला, मलम पांढरं होऊन बोटांना लागलं. मग फणी. दर ओढीला ती सासूकडं बघायची, जिती हाय का म्हणून.

"आये, दुखतंय की!" शालू किंचाळली. चौंडकं थांबलं. केस सुटले.

भीती सुटली नाही. मनुबाईला कालपासून खोकला लागलाय आणि गल्ली कान लावून बसलीय. ती म्हातारी खोकली, की अंबुबाई फणी पदराखाली लपवते.

निपाणीत असाल तर आज त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: हा खोकला तंबाखूच्या धुळीचा आहे, म्हातारीला दवाखान्यात न्या.