अंगणवाडीचा न फिरलेला पंखा

समस्त गावकऱ्यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भर दुपारी, पाहुण्यांच्या देखत अंगणवाडीचा पंखा हलला नाही!

गच्चीवर बसवलेल्या देणगीतल्या सोलर पॅनेलवर चालणारा तो पहिलाच पंखा. बटण दाबणारे पाहुणे गोरेमोरे झाले, सेविका शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तापल्या स्लॅबखाली पोरं घामाने निथळत होती; उन्हाळाभर त्यांना इथेच निजायचं होतं. आम्ही सगळे माना वर करून, श्वास रोखून उभे. न फिरणाऱ्या पंख्याखाली देणारा आणि घेणारा अगदी सारखेच आशाळभूत दिसतात. कुणी वायर हलवली, कुणी बटण पुन्हा दाबलं. पंखा ढिम्म.

तेवढ्यात मदतनीस सखूमावशी गच्चीच्या जिन्याकडे धावत ओरडल्या, "अगं बाई! नवी वस्तू उन्हानं खराब होईल म्हणून मीच गोधडी घातलीय की तिच्यावर!"