आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या पोरांचं नाटक मी बसवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. पोरं मला घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे, कारण सूर चुकला की माझं डोकं फिरतं. पण ज्या वर्षी आम्ही राजकन्येची संगीत परीकथा केली त्या वर्षी चुकले मी, आणि मला रागवणारं कोणी नव्हतं.

राजकन्येचं काम एका बारा वर्षांच्या मुलीला दिलं होतं. घर विणकरांचं, पण माग केव्हाच मोडीत गेलेला. बाप ई-रिक्षा चालवायचा, आईच्या कॅन्सरसाठी रामदासपेठेतल्या दवाखान्यात चकरा सुरू होत्या. पोरीचा गळा असा, की ती गायला लागली की आमच्या त्या खडखड्या कूलरचाही विसर पडायचा. आठ दिवस उरले तेव्हा गुलाबी ड्रेस शिवून आला. तिला घालून पाहिला आणि म्हटलं, छे, हे काही जमत नाही. ती काळी होती, हाडकुळी होती. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. गाणारीला पडद्यामागे माइकवर उभं करायचं आणि दिसायला बरी असलेलीनं समोर ओठ हलवायचे, ही आमची जुनी सोय. मी तेच केलं. ड्रेस एका गोऱ्या मुलीला दिला आणि हिला समजावलं, की अगं, सगळं नाटक तर तुझ्याच गळ्यावर आहे. ती नुसती मान हलवून बाजूला झाली.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी मुकुटाला पिना लावत होते, तेव्हा ती आली. आई दवाखान्यातून सरळ इकडेच येऊन राहिली, शेवटच्या गाण्यापुरती समोर येऊ का, असं तिनं विचारलं. राजकन्या मीच आहे असं तिनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. काम बदललं हे सांगायची हिंमत झाली नव्हती. मी तिच्यावर खेकसले. ऐन वेळी माझं डोकं खाऊ नको, जा माइकपाशी, म्हटलं.

प्रयोग झकास झाला. आई पार मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. संपल्यावर भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

"माही पोरगी किती गोरी दिसून राहिली होती, मॅडम! मले तर आवाजावरूनच ओळखू आली."

पोरगी शेजारीच उभी होती, घरच्या फ्रॉकमध्ये. "पावडर होती, आई. धुऊन आली मी," ती म्हणाली. खरं सांगावं असं मला वाटलं. पण मी मुकुट पेटीत ठेवायला वळले.

चार दिवसांनी ती माझ्या घरी आली. आईला पुन्हा भरती केलं होतं, आता काही खरं नाही असं डॉक्टरांनी बापाला सांगितलं होतं. आईला उशाशी ठेवायला राजकन्येचा फोटो हवा होता. मी लगबगीनं कपाटातून तो ड्रेस काढला, मुकुट काढला. घाल बाळा, आत्ता तुझा फोटो काढते, म्हटलं.

तिनं ड्रेसला हातही लावला नाही.

"आता नको, मॅडम. आईनं जिले पाहिलं तिचाच द्या. माहा दिला तर तिले समजून जाईल."

मी त्या दुसऱ्या मुलीचा, प्रयोगात लांबून काढलेला फोटो तिच्या हातात दिला.