दिगूचे पाय

दिगूशी मी शेवटचं बोललो ते त्याच्या पायांशी. हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं, पण दुसरं कोणतंही वाक्य खरं होणार नाही. डिसेंबरातला रविवार होता. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळचं ऊन नुकतंच उतरलं होतं. शेजारच्या अंगणात ती फिकट निळी हेराल्ड गाडी पुढची चाकं काढून लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, आणि तिच्या उजव्या दाराखालून दिगूचे दोन अनवाणी पाय बाहेर आलेले. चपला बाजूला जोडून ठेवलेल्या, देवळात जाताना ठेवाव्यात तशा. हे दृश्य मी वीस-पंचवीस वर्षं बघत होतो. पेपर आणि दोन संत्री घेऊन मी स्टुलावर बसलो आणि पायांशी बोलायला लागलो. संध्याकाळी महाल भागात एका लग्नाचं जेवण होतं, तिकडे यायचं की नाही ते विचारलं. उत्तर नाही. एखादा नट गंजून बसला की दिगू कुणालाच उत्तर देत नसे, म्हणून मी मनावर घेतलं नाही. संत्रं सोललं, आमच्या शाळेतल्या हेडमास्तरांची यथेच्छ निंदा केली, पेपरातल्या दोन बातम्या वाचून दाखवल्या. शेवटी वैतागून म्हणालो, "मेला काय बे?" आणि त्याच्या तळव्यावरून बोट फिरवलं. लहानपणापासून दिगूला गुदगुल्या अजिबात सहन होत नसत. नुसतं बोट जवळ नेलं तरी तो किंचाळायचा… त्यानं पाय ओढला नाही.

माझ्या हातात संत्र्याची एक फोड होती. ती मी तोंडात टाकली, चावली, गिळली, आणि मग ओरडलो. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. त्या फोडीची चव मात्र अजून जिभेवर आहे आणि ती जावी असं मला फार वाटतं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे मी गेले कित्येक दिवस लोकांवर खेकसतो आहे. गाडी पडली नाही. दुपारपर्यंत सीताबर्डीवर बातमी पोचली होती की दिगूच्या अंगावर गाडी पडली, आणि स्मशानात तर एका गृहस्थांनी मला जॅक कसा सरकला ते हातवारे करून दाखवलं. अहो, दिगूनं जॅकवर कधी भरवसा ठेवला नाही! आधी ओंडके, मग स्वतः गाडीला धक्के मारून बघणार, मी असलो तर मला मारायला लावणार, आणि मगच खाली शिरणार. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा गाडी जागची तसूभरही हललेली नव्हती. गल्लीतले डॉक्टर आले, हृदयाचा झटका म्हणाले. केव्हा आला, ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. त्यांच्या या वाक्यानं पुढे काय काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

दिगू सरकारी कचेरीत नकाशे काढायचा आणि मी शाळेत नकाशे शिकवायचो. आमच्या मैत्रीला एवढं कारण पुरेसं होतं. पहिली गाडी त्यानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला कामठीच्या छावणीतून आणली. तिथले साहेब बदलीवर निघाले की मागे काहीतरी सोडून जात. कुणी कुत्रा सोडायचा, कुणी पियानो, आणि एका मेजरसाहेबांनी एक मायनर सोडली होती, जिला फक्त उतारावर चालायची सवय होती. कामठी ते नागपूर उतार किती, हे भूगोलाच्या मास्तराला विचारूनही दिगूनं ती घेतलीच. टेम्पोला दोर बांधून आम्ही ती आणली. टेम्पोत मी, मागे स्टिअरिंगवर दिगू. तोंडावर असं तेज की त्याची वरात निघाली आहे असं वाटावं. तेव्हा नवी गाडी हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुन्याला गिऱ्हाईक होतं. पण दिगूचा तो धंदा नव्हता. कचेरीतून आला की खाली, रविवारी सकाळपासून खाली. एखादी गाडी सहा महिने चालायची, म्हणजे दुरुस्ती चालायची, आणि ती खरोखर रस्त्यावर चालू लागली की त्याचं तिच्यातलं लक्ष उडायचं. मग विकायची आणि दुसरी आणायची.

विकण्याची त्याची पद्धत बघून माझी हसून पुरेवाट व्हायची. टायरला लाथ मारून बघणाऱ्याला तो तिथूनच परत पाठवायचा. जो राहील त्याला आधी गाडीचे सगळे अवगुण ऐकवायचा. "हे पाहा, हिचा दुसरा गिअर मोठा नाटकी आहे. मले चालते, तुमाले चालन काय? अन् पावसात डाव्या कोपऱ्यातून गळते. म्हणून डाव्या बाजूले ज्याच्याशी पटत नाही त्याले बसवा." घाबरलेला माणूस निघायला लागला की मीच त्याला थांबवायचो. तरी गाड्या जात, आणि घेणारा पुढे कधी भांडायला आला नाही, कारण भांडायला दिगूनं काही शिल्लकच ठेवलेलं नसायचं.

या सगळ्याचा एक परिणाम असा, की त्या घरात कायम गाडी होती आणि कुसुमवहिनी कायम सायकलरिक्षात. बिघडलेली गाडी अंगणात, धड झालेली परक्याच्या दारात. मुलगी झाली तेव्हा वहिनी दवाखान्यात रिक्षानं गेल्या, आणि अंगणातल्या लँडमास्टरच्या खालून दिगू घाईघाईनं बाहेर आला तो त्याच काळ्या हातांनी रिक्षामागून सायकल मारत गेला. मुलीच्या लग्नाला आठवडा असताना एक चांगली चालणारी गाडी दारात होती. ती त्यानं दुसऱ्याच एका मुलीच्या बापाला देऊन टाकली. मी बोललो, खूप बोललो. वहिनी काही बोलल्या नाहीत. मागणं हा त्यांचा स्वभावच नाही. चार पाहुण्यांत वाढताना सगळ्यात लहान वाटी स्वतःकडे ठेवणाऱ्या बायका असतात, त्यांतल्या त्या.

हेराल्डच्या बाबतीत मात्र काहीतरी वेगळं झालं. गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची असली की एकानं वर बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं खालून नळी उघडायची. वर बसण्याचं काम माझं. खालून ओरडलेलं ऐकू येत नाही म्हणून दिगू पान्यानं लोखंडावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. हळूहळू घरात तेच चालू झालं, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवायला येता काय? एक ठोका. आंघोळ करता काय? दोन. तर मागच्या दिवाळीत मी गावाला गेलो होतो, आणि दिगूनं वहिनींना वर बसवलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या त्याच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसल्या. स्टिअरिंग धरून, ठोक्यांबरोबर पेडल दाबत-सोडत, अख्खी सकाळ. परत आलो तर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, या गाडीतून आपलं अंगण वेगळंच दिसते." मी हसलो आणि विसरलो.

दहाव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या रविवारी सकाळी माझ्या आधी त्यासुद्धा पायांशी बोलून आल्या होत्या. हेराल्डचा सौदा झाला होता. कामठीचे हमीदभाई, त्यांचे यंत्रमाग आहेत, ते येत्या आठवड्यात गाडी न्यायला येणार होते. वहिनींनी आठ दिवस मनाशी घोकून घोकून शेवटी रविवारी सकाळी पायांना सांगितलं होतं, "ही विकू नका. मले पाहिजे." आणि उत्तराला न थांबता, लाज वाटून, तशाच आत येऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला होता. स्टोव्हच्या आवाजात ठोका पडला की नाही, पडला तर एक की दोन, ते त्यांना कळलं नाही. "भाऊजी, खरं सांगा. तुम्ही गेले तवा यांनी ठोकलं काय? म्हणजे मी बोलली तवा होते काय? का मी…" मी म्हणालो, माझ्यासमोर ठोकलं नाही. यापेक्षा जास्त मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारलं. ते म्हणाले, नाही सांगता येत हो. जन्मात एकदा या बाईनं काही मागितलं, आणि ते ज्याच्याकडे मागितलं तो तेव्हा या जगात होता की नव्हता, हे सांगणारं कुणी नव्हतं. मला त्या दिवशी दिगूचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर असा राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

वहिनींनी शेवटी ठरवलं, की यांनी शब्द दिला होता, गाडी जाऊ द्यायची. हमीदभाई आले त्या दिवशी किल्ली आणि कागद एका ताटलीत तयार ठेवलेले होते. हमीदभाई आत येऊन बसले. मग ताटलीकडे बघून म्हणाले, "भाभीजी, हे काहून काढलं? मी गाडी न्यायले नाही आलो. मी तुमाले भेटाले आलो."

"पण सौदा…"

"सौदा तर शनिवारी तोडला नं त्यांनी. बसनं आले होते कामठीले. चाय प्याले, बसले, अन् म्हणे, हमीदभाई, माफ करा, ही नाही देत. घरी पाहिजे."

शनिवारी. म्हणजे वहिनी बोलल्या त्याच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, त्याला कुणी सांगितलं?

"कोणीच नाही. मीबी तेच विचारलं. म्हटलं, भाभीजी बोलल्या काय? म्हणे, ती कायले बोलते! पण मी खाली राहतो नं, मले खालून पाय दिसते. आजपर्यंत इतक्या गाड्या आल्या, तिचे पाय सीधे बाजूनं निघून जात. या गाडीपाशी थांबते. रोज सकाळी, दिवाळीपासून."

आम्ही सगळी गल्ली त्या माणसाच्या पायांशी बोलत आलो, आणि समजत आलो की खाली त्याला लोखंडाशिवाय काही दिसत नाही. वहिनी रडतील असं मला वाटलं होतं. त्या भडकल्या. इतकं भडकलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "शनिवारी! अन् घरी येऊन भात खाल्ला, वरण वाढ म्हणाले, अन् एवढं एक सांगाले काय झालं होतं यांना? एक शब्द! मी रातभर जागी होती बाजूले, उद्या कसं बोलू म्हणून…" वहिनी ताटली उचलून आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. घासलेलीच भांडी होती ती.

गाडीच्या पुढच्या चाकांचं काम अर्धवट होतं. ते पुरं करायला गेल्या आठवड्यात मी महालातून एक मिस्त्री आणला. भला माणूस, दिगूला ओळखायचा. तो उजव्या बाजूनं खाली शिरला, पाय बाहेर राहिले, आणि वहिनी चहा घेऊन दारात आल्या. "बाहेर निघा! आधी बाहेर निघा!" त्या अशा ओरडल्या की मिस्त्री डोकं आपटून घेत बाहेर आला. त्याला मी समजावलं, वहिनींना समजावलं. शेवटी असं ठरलं की त्यानं काम करावं, पण सारखं बोलत राहावं. मग मी स्टुलावर बसून त्याला प्रश्न विचारत राहिलो. पोरं किती, गाव कोणतं, संत्र्याला यंदा भाव काय. आणि तो बिचारा नट आवळता आवळता उत्तरं देत राहिला. वहिनी पलीकडे गेल्या, डाव्या दारापाशी, आणि काचेवर पदर फिरवत उभ्या राहिल्या. सकाळचं ऊन त्या बाजूनंच येतं.

खालून मिस्त्रीचा आवाज आला, "बाई, तिथून जरा सरका नं. उजेड अडून राहिला. काहीच दिसत नाही."

वहिनींचा हात काचेवर थांबला. माझ्याकडे बघून त्या अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी, मी रोज इथंच उभी राहायची… किती वेळ उभी राहायची! यांनी एक दिवसबी म्हटलं नाही, सरक म्हणून."

मी घरी जाऊन माझी बॅटरी घेऊन आलो आणि मिस्त्रीच्या हातात दिली. वहिनींना सरका म्हणायची माझी हिंमत झाली नाही.